कर्ज विनातारण, मग वसुली घरात शिरून का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत महिला बचत गटांची दप्तरं लिहितो. गटाच्या दप्तरासोबत बाया खासगी कंपन्यांची हप्त्याची पुस्तकंही वाचून घ्यायला आणतात आणि पुस्तकांच्या मागोमाग तक्रारीही येतात. त्यातल्या एकाच तक्रारीसाठी हे पत्र लिहीत आहोत. मायक्रोफायनान्सची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना दिलेल्या छोट्या कर्जांची, वसुली करणारी माणसं घरात शिरतात, बसतात आणि हप्ता मिळेपर्यंत उठत नाहीत. घेतलेलं कर्ज हे देणंच आहे, त्याबद्दल आमचं दुमत नाही. पण हप्ता थकला म्हणून कुणालाही कुणाच्या चुलीपर्यंत जायचा हक्क मिळत नाही, हे गावात ठासून सांगणारं अजून कुणी नाही. म्हणून नियम काय आहेत आणि ते दारात उभं राहून कसे वापरायचे, हे थोडं सविस्तर मांडतो.

आधी हे होतं कसं ते पाहू. कर्ज देतानाच कंपनीचा माणूस घर बघायला येतो. खोल्या किती, छत टिनाचं की सिमेंटचं, फ्रीज आहे का, गाडी आहे का, हे मोबाईलमध्ये भरतो, दारात बाईचा फोटो काढतो. त्या दिवशी बाई आपणहून त्याला आत बोलावते, चहा ठेवते. पुढे केंद्राची, म्हणजे गावातल्या कर्जदार बायांची, बैठक कुणातरी एकीच्या छपरीत भरू लागते आणि दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला त्याच घरात ये-जा सुरू होते. मग हप्ता थकतो त्या दिवशी तो माणूस उंबरठ्याशी थांबत नाही, कारण त्याला तिथं थांबायची सवयच लागलेली नसते. एकदा आत बोलावलं म्हणजे कायमची परवानगी दिली असं होत नाही. घर बघायला आलेल्या माणसाला दिलेला चहा हा वसुलीचा परवाना नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. आमच्याकडची बाई सकाळी स्वयंपाक उरकून निंदणाला किंवा वेचणीला निघते, ती दिवस मावळताना परत येते. दिवसा घरी कुणी सापडत नाही, म्हणून वसुलीवाले सकाळी सहा-साडेसहाला किंवा रात्री जेवणाच्या वेळी येतात. त्यात हप्ता बारा महिने सारखा आणि घरात पैसा यायचे महिने मोजके. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे, कापसाचा वेचा होईल तसा, तुरीचा संक्रांतीनंतर. जुलै ते सप्टेंबर निंदणाच्या रोजीवर घर चालतं आणि झड लागली की तीही बंद. हप्ते थकतात ते बहुतेक याच दिवसांत आणि अवेळी दार वाजतं तेही याच दिवसांत.

रिझर्व्ह बँकेने १४ मार्च २०२२ रोजी मायक्रोफायनान्स कर्जांसाठी निर्देश काढले. ते १ एप्रिल २०२२ पासून बँका आणि वित्त कंपन्या, सगळ्यांना लागू झाले. त्यांत वसुलीची जागा स्पष्ट सांगितली आहे. हप्ता घ्यायचा तो कर्जदार आणि कंपनी यांनी मिळून ठरवलेल्या जागी. कर्जदार लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा त्या जागी आली नाही, तरच माणसाला तिच्या घरी किंवा कामाच्या जागी जाता येतं. म्हणजे एक हप्ता चुकला की दुसऱ्याच दिवशी घरी येणं नियमात बसत नाही. आणि घरी जायची मुभा म्हणजे दारापर्यंत येऊन हप्ता मागायची मुभा. घरात घुसून बसायची परवानगी त्यात कुठेही नाही.

याच निर्देशांत वसुलीच्या कठोर पद्धतींची यादी आहे आणि त्या सगळ्यांना मनाई आहे. धमकी किंवा शिवीगाळ, सारखे फोन, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन, नातेवाईक, मैत्रिणी किंवा सोबत काम करणाऱ्यांना त्रास देणं, कर्जदारांची नावं जाहीर करणं, कर्जाच्या रकमेबद्दल किंवा न फेडल्याच्या परिणामांबद्दल खोटं सांगणं, बळाचा वापर किंवा त्याची धमकी. गावात रोज दिसणाऱ्या बहुतेक गोष्टी या यादीत आहेत. रात्री आठला दारात उभा राहणारा माणूस हमखास म्हणतो, ‘नियम फोनचा हाये, येण्याचा नाई.’ त्याला विचारावं, की अवेळी फोनसुद्धा चालत नसेल तर रात्री घरात येऊन बसणं कसं चालेल?

आमच्या मते सगळ्यात जास्त उपयोगाची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी तरतूद ती ठरवलेल्या जागेची आहे. जागा दोघांनी मिळून ठरवायची आहे, म्हणजे त्यात बाईचा शब्द चालतो. ती कुणाचं घर असू नये. ग्रामपंचायतीचा व्हरांडा, समाजमंदिर, सुटीच्या दिवशी शाळेचा ओटा, काहीही चालेल, फक्त चारचौघांची जागा हवी. वेळ बायांच्या सोयीची, पण ९ ते ६ मधली घ्यावी. वेचणीच्या दिवसांत बाजाराचा दिवस सगळ्यात बरा, कारण त्या दिवशी बाया कामाला जात नाहीत आणि मजुरीही तेव्हाच हाती येते. हे तोंडी ठरवून चालत नाही. साध्या कागदावर गावाचं नाव, केंद्राचं नाव, जागा, वार आणि वेळ लिहावी, सगळ्या सभासदांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत, कंपनीच्या शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. शाखा शिक्का देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. त्या दिवशी पैसे नसले तरी बाईने जागेवर हजर राहावं आणि किती देता येतील, कधी देता येतील हे तिथंच सांगावं. इथंच घोटाळा होतो. पैसे नाहीत म्हणून बाया लाजेने बैठकीला जात नाहीत, दोनदा गैरहजेरी लागते आणि घरी यायचं कारण कंपनीच्या हाती आयतं पडतं.

आता दाराची गोष्ट. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ हे अतिक्रमणाचं कलम आहे. धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत शिरणं हे फौजदारी अतिक्रमण. ती जागा राहतं घर असेल तर ते गृह-अतिक्रमण, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन बारकावे गावात कुणाला माहीत नसतात. पहिला, शरीराचा कोणताही भाग आत आला तरी कायद्याने तो प्रवेशच. दार लावता येऊ नये म्हणून आत अडकवलेला पायसुद्धा त्यात धरला जातो. दुसरा, सुरुवातीला बोलावणं असेल, येणं कायदेशीर असेल, तरी जा म्हटल्यावर याच हेतूने बेकायदा थांबून राहिलं तर तेही अतिक्रमण आहे. म्हणूनच बाहेर जायला सांगणं, मोठ्याने आणि शेजारी ऐकतील असं सांगणं, फार गरजेचं आहे. ‘भाऊ, अंदर नका येऊ. जे बोलाचं ते बाहीर बोला.’ एवढं एक वाक्य पुरे. ते दोनदा म्हणावं. बाया ते मनात म्हणतात, तोंडाने म्हणत नाहीत, आणि पुढे ‘तिने कुठं मनाई केली होती’ असा प्रश्न निघतो.

भांडायला जाऊ नये, त्याचा फोन हिसकू नये, शिवी देऊ नये. उलटी तक्रार व्हायला तेवढं कारण पुरतं. बाईने स्वतः उंबरठ्याबाहेर यावं, मागे दार ओढून घ्यावं आणि अंगणात बोलावं. घरात वयात आलेली मुलगी किंवा बाळंतीण असेल तर हे जास्तच. घरचा फोन ओट्यावर किंवा खिडकीत उभा करून रेकॉर्डिंग सुरू ठेवावं. ओळखपत्र मागावं आणि त्यावरचं नाव व नंबर टिपून घ्यावा. कंपनीने वसुली बाहेरच्या एजंटाकडे दिली असेल तर तसं कर्जदाराला आधी कळवावं लागतं आणि एजंटाजवळ ओळखपत्रासोबत कंपनीचं अधिकारपत्र आणि त्या सूचनेची प्रत असावी लागते. हे कागद नसतील तर त्याच्याशी पैशाची एकही गोष्ट बोलू नये.

गॅसची टाकी, टीव्ही, शिलाई मशीन, शेळी उचलून नेऊ, अशी धमकी तर सर्रास असते. रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येप्रमाणे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं मायक्रोफायनान्स कर्ज विनातारणच असतं. तारण नाही, तर उचलायचं काय? वस्तू जप्त करायची तर आधी दिवाणी न्यायालयात दावा, मग हुकूमनामा, मग जप्तीचा आदेश. आणि आदेश आला तरी सगळं नेता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, शेतकऱ्याची अवजारं, शेतीला लागणारी जनावरं आणि बियाणं जप्तीतून वगळलेलं आहे. धर्माच्या रीतीने बाईला अंगावेगळं करता येत नाही तो दागिनाही वगळला आहे, म्हणजे मंगळसूत्राला हात लागत नाही. त्याच संहितेचं कलम ६२ तर प्रत्येक गावात भिंतीवर लिहावं असं आहे. जंगम मालाच्या जप्तीसाठी न्यायालयाचा आदेश घेऊन आलेल्या बेलिफालाही सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात शिरता येत नाही. न्यायालयाच्या माणसाला जे जमत नाही, ते कंपनीचा माणूस रात्री साडेआठला कोणत्या अधिकाराने करतो?

कधीकधी एक छापील कागद दाखवून ‘कोर्टाची नोटीस आली, आता अटक होते’ असं सांगतात. कागद नीट वाचावा, तो बहुतेक लोकअदालतीचा असतो. लोकअदालतीत दोन्ही बाजू राजी असतील तरच तडजोड होते, तिथून कुणाला अटक होत नाही. उलट तिथं जाऊन हप्ता कमी करून मागता येतो. कर्ज थकणं ही दिवाणी बाब आहे. एक सावधगिरी मात्र घ्यावी. सही केलेला कोरा चेक कुणाला देऊ नये, कारण चेक न वटल्याचं प्रकरण फौजदारी होतं. थकबाकीचा खरा परिणाम असा की क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंद जाते आणि पुढचं कर्ज मिळणं अवघड होतं. हेही बायांना खरंखरं सांगायला हवं.

फोटोबद्दल थोडं. वसुलीला आलेला माणूस घराचा, दाराचा, बाईचा फोटो काढून कंपनीला भेटीचा पुरावा म्हणून पाठवतो. पुढे तोच फोटो केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, खाली नाव आणि थकलेली रक्कम. हे कर्जदाराचं नाव जाहीर करणंच झालं, वरच्या यादीत त्याला मनाई आहे. फोटो काढू देऊ नये, आणि ग्रुपवर आलाच तर तो पुसला जायच्या आत स्क्रीनशॉट घ्यावा, तारीख, वेळ आणि टाकणाऱ्याचा नंबर दिसेल असा.

हप्त्याचं पुस्तक बाईजवळच राहायला हवं. कर्जाचं कार्ड तिला समजेल त्या भाषेत असावं, त्यावर व्याज, हप्ते, प्रत्येक भरण्याची पोच आणि तक्रार घेणाऱ्या नोडल अधिकाऱ्याचं नाव व फोन असावा, असा नियम आहे. आमच्यासमोर येणाऱ्या पुस्तकांत सगळ्यात जास्त आढळणारी खोट म्हणजे कोरा रकाना: रोख घेतली, तारीख टाकली, सही नाही. दंड लावायचा तर फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. विम्याचे पैसे कापलेले असतील तर पुस्तकात ती ओळ शोधून ठेवावी. घरात मृत्यू झाला तर तेराव्याच्या आत वसुलीला आलेल्या माणसाला आधी विम्याचा दावा भरायला सांगता येतो. आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. घरात १२,००० येत असतील तर हप्ते ६,००० च्या आत. उत्पन्न फुगवून लिहिलेलं आढळलं तर तेही तक्रारीत घालावं, कारण घरात शिरण्यापर्यंत वेळ येते ती तिथूनच.

घरातून जात नसतील तर ११२ लावावा. ठाण्यात गेल्यावर पहिलं उत्तर मिळतं, ‘बाई, हे पैशाचं मॅटर हाये, कोर्टात जा.’ याला कारण तक्रार लिहायची आपली पद्धत आहे. बाया कर्जापासून सुरुवात करतात, किती उचललं, किती भरलं, नवरा काय म्हणाला, आणि घरात शिरल्याची गोष्ट शेवटच्या ओळीत येते. ती पहिल्या ओळीत यायला हवी. अमुक तारखेला, इतके वाजता, इतकी माणसं, अमुक नंबरच्या गाडीवर आली. आत येऊ नका असं मी दोनदा म्हटलं, हे अमक्या शेजाऱ्याने ऐकलं. तरी ते आत शिरले, अमुक जागी इतका वेळ बसले आणि हे शब्द बोलले. कर्जाची माहिती त्यानंतर दोन ओळींत. कर्ज दिवाणी असलं तरी घरात शिरणं हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट नोंदवायचा, गुन्हा आहे. बाईच्या लज्जेला बाधा येईल असे शब्द किंवा हावभाव असतील तर न्याय संहितेचं कलम ७९ वेगळं लागतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही आणि एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. तरी घेतली नाही, तर तीच तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते. वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून थांबू नये. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, हेल्पलाईन १५१००.

कंपनीविरुद्धची तक्रार वेगळी करावी. आधी नोडल अधिकाऱ्याला लेखी द्यावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. ‘तो एजंट आमचा नव्हता’ हे कंपनीचं उत्तर चालत नाही. कर्मचारी असो की एजंट, त्याच्या गैरवागणुकीला कंपनीच जबाबदार.

सगळ्यात अवघड भाग गटातल्याच बायांचा आहे. दहा जणींच्या गटात एकीचा हप्ता थकला की वसुलीवाला बाकी नऊ जणींना तिच्या दारात आणून बसवतो, ‘तिचा आल्याबिगर तुमचाही घेत नाई’ म्हणतो. रोजी बुडते, राग थकलेल्या बाईवर निघतो, मैत्रिणी तोडल्या जातात. माणूस स्वतः बाहेर उभा राहतो आणि आत शिरायचं काम शेजारणींकडून करून घेतो. नऊ जणींनी तिथं जायचं नाही, ठरलेल्या जागी बसून आपला हप्ता द्यायचा आणि तो घेतला नाही तर तसं कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करायच्या. हप्ता घ्यायला नकार दिल्याचा असा कागद शाखेत पोहोचला की पुढच्या आठवड्यात तो मुकाट्याने घेतला जातो.

वसुलीला येणारी पोरं आसपासच्याच तालुक्यांतली, शेतकऱ्यांचीच असतात. महिनाअखेरीचं टार्गेट गाठायला काही जण हप्ता स्वतःच्या खिशातून भरतात आणि मग ते पैसे काढायला रात्री येतात. त्यांच्यावरचा दाब आम्हाला दिसतो. म्हणून तर कंपन्यांनी हंगाम पाहून हप्ता ठरवावा, असं आमचं मागणं आहे. अडचणीतली कर्जदार ओळखून तिच्याशी बोलायची व्यवस्था कंपनीकडे असली पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांतच आहे.

खासगी सावकाराची माणसं येत असतील तर कायदा वेगळा, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. कर्जदाराच्या घराजवळ किंवा कामाच्या जागी वसुलीसाठी घुटमळणं, त्याच्या मागे फिरणं हाही तिथं गुन्हा आहे. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे द्यावी.

ग्रामपंचायतींना एक विनंती. येत्या ग्रामसभेत, आणि त्याआधीच्या महिला सभेत, हप्ता वसुलीची जागा आणि वेळ नेमून देणारा ठराव घ्यावा, त्याची प्रत गावात येणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या शाखेला आणि ठाणेदारांना पाठवावी. ठरावाने कंपनीवर बंदी येत नाही, पण पुढे तक्रार झाली तर तो चांगला पुरावा ठरतो. पोलीस पाटलांनी अवेळी गावात आलेल्या वसुलीच्या गाड्यांचे नंबर वहीत टिपून ठेवावेत.

आणि संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. वेचणी सुरू व्हायच्या आत तालुक्याच्या पानावर एक चौकट छापावी: वसुलीची जागा दोघांनी ठरवायची, फोनची वेळ ९ ते ६, सूर्यास्तानंतर बेलिफालाही घरात येता येत नाही, आणि ११२, १५१००, १४४४८ हे तीन नंबर. अक्षर मोठं ठेवावं, म्हणजे ती कापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवता येईल.

आपल्या,
महिला गटांचं दप्तर लिहिणाऱ्या काही जणी,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ